बागेला झोप येईना

दि. २९ डिसेंबर

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. अकरा वर्षांनी ताईचं अक्षर दिसलं की माणूस आधी कोण गेलं तेच शोधणार, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून मोकळी झाले. पत्ता मावशीनं दिला. तिच्यावर चिडू नकोस, मी महिनाभर तिचं डोकं खात होते.

बाबा बरे आहेत. गुडघे कुरकुरतात, आणि गुडघ्यांपेक्षा जास्त ते स्वतः. तुझे भावोजी सकाळी शाळेत शिकवतात आणि संध्याकाळी बागेत येऊन माझ्या कामात लुडबुड करतात. मावशी म्हणाली, तू कोल्ड स्टोरेजमध्ये यंत्रं सांभाळतोस आणि भर उन्हाळ्यातही कानटोपी घालून हिंडतोस. वा रे वा! आम्ही इथे डोंगरावर थंडीची वाट बघून थकलो, आणि सगळी थंडी तू तिथे कोंडून ठेवली आहेस. जमलं तर थोडी पाकिटात घालून पाठव.

थट्टा नाही, इकडे थंडी पडलीच नाही. ह्या वर्षी नाही, गेल्या वर्षी नाही, त्याच्या आदल्या वर्षीही नावालाच. आठवतं, आपण दोघं सकाळी पायरीवर बसून तोंडातून वाफ काढायचो आणि बाबांसारखी विडी ओढायचं सोंग करायचो? काल सकाळी सहाला मी त्याच पायरीवर बसून हा हा करून बघितलं. कसली वाफ नि कसलं काय. तुझे भावोजी मागून म्हणाले, "दाढ दुखतेय का?" डिसेंबर संपत आला तरी पांघरुणं पेटीतच आहेत आणि पंखा गरगरतोय.

आणि बाग! काय सांगू तुला. एकशे चाळीस सफरचंदाची झाडं आणि एकाचंही पान पिवळं नाही. ह्या दिवसांत सगळी बाग कशी काटक्या होऊन उभी असायची. आता आत शिरलं की हिरवंगार, दाट, आणि अगदी चिडीचूप. मला भीतीच वाटते रे. थंडी पडली की झाड पानं टाकून झोपतं, आणि झोप पुरी झाली की फुलतं, हे आपल्याला बाबांनीच शिकवलं. इथे झोपच नाही. तू लहानपणी तापात टक्क डोळे उघडे ठेवून पडायचास ना, तशी उभी आहेत बिचारी.

गेली दोन वर्षं बोटांवर मोजण्याइतकी फुलं आली. शेवटी बाबांनी करवतवाल्याला सांगून टाकलंय. एक मार्चला येणार. सगळी झाडं पाडायची आणि कॉफी लावायची. कॉफी! चहा पाच मिनिटं उशिरा आला तर घर डोक्यावर घेणारा माणूस!

मी भांडून खालची एक ओळ मागून घेतली. बारा झाडं. म्हटलं, फेब्रुवारीअखेर ही फुलवून दाखवते, मग बागेला करवत लागणार नाही. ते म्हणाले, "फुलव. बघतो."

तर विचारायचं असं, की तू त्या वेळी विहिरीजवळच्या झाडाला जे केलं होतंस, ते नेमकं कसं केलंस? आधी पाणी तोडलं होतंस का? किती दिवस? पानं ओढायची कशी? झालं गेलं उगाळायला मी लिहीत नाहीये. मला फक्त पद्धत हवी आहे. जरा लवकर लिही.

तुझी,
ताई


दि. २२ जानेवारी

प्रिय बारक्या,

आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पत्र म्हणायचं की डॉक्टरची चिठ्ठी? ना "प्रिय", ना "ताई", ना "कशी आहेस". सात मुद्दे आणि खाली एक चित्र. भावोजी म्हणाले, "मुद्देसूद आहे, दहापैकी नऊ देतो." मी म्हटलं, एक गुण कशाचा कापला? तर म्हणे, "ख्यालीखुशालीचा."

पण ते चित्र मी पिठाच्या डब्यावर चिकटवून ठेवलंय. काटकी, तिच्यावर पान, पानाच्या कुशीत तो इवलासा डोळा, आणि देठाजवळ वर जाणारा बाण. देठ वर लोटायचा, खाली ओढायचा नाही. खाली ओढला की पानाबरोबर डोळाही सोलून निघतो आणि फुलायला काही उरतच नाही. इतकी साधी गोष्ट, आणि बागेत जन्म घालवून मला ठाऊक नव्हती.

पाणी तोडलं होतंच. मग चौदा तारखेला सुरुवात केली. मी, भावोजी आणि शेजारच्या काकू. एक झाड म्हणजे किती पानं असतात, बारक्या! आपण नुसतं "झाड" म्हणतो आणि पुढे जातो. शिडीवर उभं राहून एकेक पान हातानं काढायला लागलं की मग कळतं. पहिल्या दिवशी तिघांत मिळून जेमतेम दोन झाडं झाली. बोटं काळी पडली, ती साबणानंही निघत नाहीत. काकू म्हणाल्या, "कोंबडी सोलल्यासारखं वाटतंय गं." वाटत होतंच तसं. सहाव्या दिवशी संध्याकाळी खाली उतरून बघितलं, तर सगळ्या हिरव्या बागेत बारा झाडं नागडी. वाटलं, हे काय करून बसले मी?

बाबा ओट्यावर बसून सहाही दिवस बघत होते. जेवायला वाढलं की जेवायचे, की पुन्हा ओट्यावर.

आता तुझी ती शेवटची ओळ. चित्राच्याही खाली, बारीक अक्षरात: "ते झाड मेलं ना? मग हे विचारतेस कशाला?"

उत्तर लिहायला आठवडा लावला. पानं काढायची होती ही सबब होती.

मेलं नाही रे. तू घर सोडलंस त्यानंतर पाचव्या आठवड्यात ते फुललं. अर्धंच फुललं. उरलेल्या अर्ध्यावर तू घाईत देठ खाली ओढले असणार, हे आता तुझं चित्र बघून कळतंय. पण ते अर्धं! आईनं स्वतःच्या हातानं लावलेलं झाड, आई जाऊन वर्षही झालं नव्हतं, त्या वर्षीही थंडी नव्हती म्हणून बाकी बाग अशीच हिरवी, आणि विहिरीच्या बाजूची एक एक फांदी पांढरी. बाबा आणि मी, दोघांनी एकत्रच बघितलं. बाबा म्हणाले, "आपोआप आलं असेल." मी म्हटलं, "हो, असेल."

आपोआप कसलं! तू घसा फोडून सांगत होतास, की आदल्या वर्षी गारांनी कडेच्या झाडाची एकच बाजू झोडपली, पानं झडली, आणि महिन्याभरात तेवढीच बाजू फुलली. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झालं होतं ते. बघितलं मात्र तू एकट्यानं, एकोणीस वर्षांच्या पोरानं.

तुला कळवायला हवं होतं. आज लिहू, उद्या लिहू म्हणता म्हणता पुढचे हिवाळे चांगले कडक आले, झाडं आपली आपण झोपायला आणि उठायला लागली, आणि मला मूग गिळून बसणं सोपं झालं. गरज पडली तेव्हा बरी तुझी आठवण झाली, असं तू म्हणशील. म्हण. खरंच आहे ते.

अजून एक गोष्ट आहे. ती आज लिहवत नाही.

तुझी,
ताई


दि. २ मार्च

प्रिय बारक्या,

अनेक अनेक आशीर्वाद.

कुठून सुरुवात करू? घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर मावशीकडून वाचून घे.

सतरा फेब्रुवारीपर्यंत काही नव्हतं. रोज सकाळी जायचे, काटक्यांवरून बोट फिरवायचे, परत यायचे. काकूंनी येणंच बंद केलं, त्यांना वाईट वाटत होतं. अठराला बोटाला काहीतरी टोचलं. बघते तर डोळे फुगलेले. नंतरच्या पाच दिवसांत काय झालं ते मला सांगताच येणार नाही, मी नुसती आ वासून हिंडत होते. आधी टोकाला गुलाबी ठिपका आला, मग झुबकेच्या झुबके, आणि चोवीसला सकाळी दार उघडलं तर खालची ओळ पांढरी! घामानं पाठ भिजतेय, पंखा चालू आहे, आसपास सगळी बाग तशीच हिरवी नि जागी, आणि खाली ही बारा झाडं, अंगावर पान नाही, नुसती फुलं. मधमाश्यांचा आवाज ओट्यापर्यंत येत होता. एवढ्या माश्या होत्या कुठे इतके दिवस?

झाडाला आपण फसवलं, थंडी येऊन गेली असं त्याला भासवलं, हे मला कळतं. तरी त्याच्याखाली उभं राहिलं की वाटतं, फसवलं कसलं? त्याच्या पोटात सगळं तयारच होतं. कुणीतरी त्याला सांगायला हवं होतं, इतकंच. मी तिथे मातीत बसून भोकाड पसरलं. भावोजी शाळेचा डबा हातात धरून तसेच उभे. त्यांना त्या दिवशी एकही विनोद सुचला नाही.

मग बाबा आले. काठी टेकत टेकत, शेवटच्या झाडापर्यंत गेले. चष्मा काढला, पुसला, घातला. पुन्हा काढला, पुन्हा पुसला. मग म्हणाले, "हिला दाखवायला हवं होतं." आई गेल्यापासून तिचं असं नाव त्यांनी काढलेलं मी ऐकलं नव्हतं. आणि मग माझ्याकडे न बघता विचारलं, "तो काय काम करतो तिकडे?"

मी सांगितलं. म्हणाले, "थंडीत? त्याला सर्दी व्हायची नेहमी."

काल ठरल्याप्रमाणे करवतवाला आला. तो ओळीत शिरला आणि तिथेच थबकला. करवत जमिनीवर ठेवली, टोपी काढली. म्हणाला, "काका, ह्यांना मी हात लावणार नाही, तुम्ही दुसरा माणूस बघा." बाबा खेकसले, "तुला हात लावायला सांगितलंय कुणी? चहा पी आणि जा." मग त्यालाच शिडीवर चढवून त्याच्याकडून एका झाडाची पानं काढून घेतली! देठ वर लोटायचा हे बाबा त्याला शिकवत होते, तुझं चित्र हातात धरून. पिठाच्या डब्यावरून कधी काढून नेलं कुणास ठाऊक.

तर बाग राहतेय. आता वरच्या ओळी धरल्या आहेत. बाबा स्टुलावर बसून हाताला येतील त्या फांद्या करतात. त्यांना वर चढू देत नाही म्हणून दिवसभर माझ्यावर डाफरतात.

आता ती गोष्ट. तिच्यासाठी हे पत्र.

त्या दिवशी तुला बाबांनी घालवलं असं आपण सगळेच धरून चाललो. बाबा ओरडले होते, हे खरं. पण त्यांच्या ओरडण्यानं तू कधी घर सोडलं असतंस? ते तर रोजच ओरडायचे. तू पिशवी उचललीस ती माझं ऐकून. आईच्या झाडाखाली पानांचा ढीग पडला होता, तू माझ्याकडे बघत होतास, निदान ताई तरी समजून घेईल म्हणून. आणि मी तुझ्या थोबाडीत मारून म्हटलं, "आईला तू दुसऱ्यांदा मारलंस." आई आजारात गेली. तिच्या उशाशी शेवटपर्यंत तूच बसला होतास. हे ठाऊक असून मी बोलले. बाबांना हे वाक्य ऐकू गेलं नव्हतं. काल रात्रीच्या जेवणाला मी त्यांना सांगितलं. त्यांनी ताट बाजूला सारलं आणि म्हणाले, "आणि मी अकरा वर्षं समजत होतो, माझ्यामुळे."

माझी चूक झाली, बारक्या. माफ कर असं लिहायला तोंड नाही, तरी लिहिते. माफ कर.

आज सकाळी आम्ही विहिरीकडच्या बाजूला वळलो. मी आईच्या झाडाला हात घालणार, तर बाबांनी काठी आडवी धरली. "ह्याला कुणी हात लावायचा नाही." मला वाटलं, जित्याची खोड, अजून जुनाच राग धरून बसलेत. तेवढ्यात ते भावोजींकडे वळून म्हणाले, "ती मोठी शिडी आणा. लावा इथे. आणि राहू द्या अशीच. अर्धं त्याचं राहिलंय."

तुझ्याच चिठ्ठीतला सहावा मुद्दा आहे: नवा शेंडा फुटायच्या आत पानं काढायची, नंतर उपयोग नाही. मी आत्ताच जाऊन बघून आले. अजून फुटलेला नाही. शिडी लावलेली आहे.

वाट बघणारी, चुकलेली, तुझीच
ताई