मागे काच आहे

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
सकाळ

प्रिय अक्का,

नमस्कार. पत्राला उशीर झाला म्हणून तू रागावली असशील, तेव्हा आधी कान पकडतो आणि मग पुढचं लिहितो. आम्ही दोघं खुशाल आहोत. लेकीचा फोन येतो, नव्या नोकरीत ती रुळली आहे. थंडीमुळे तुझ्या भावजयीचा गुडघा कुरकुरतो, पण गुडघ्यापेक्षा ती जास्त कुरकुरते, म्हणजे तब्येत चांगली आहे.

तुझी नळी तयार झाली. शाळेच्या पुस्तकात तिला शोभादर्शक म्हणत, आठवतं? आमच्या घरात सगळे नळीच म्हणतात, जरी ती असते तीन पट्ट्यांची त्रिकोणी पेटी. बाहेरचं अंग निळ्या आणि मधाच्या रंगाच्या काचेचं केलंय. दोन्ही काचा दाजींच्या दुकानातल्या कपच्यांमधल्या, आणि कापल्या त्यांच्याच काच कापायच्या हिरकणीने. तू ती मला दिलीस तेव्हा म्हणाली होतीस, गंजून जाण्यापेक्षा तुझ्या हातात राहू दे. ती अजून चालते. रेघ बरोबर उमटली की बारीक सळसळ ऐकू येते. सळसळ तुटली, की काच चुकीच्या जागी फुटणार हे बघायच्या आधीच कळतं.

नळीला वेळ का लागला ते सांगतो. पावसाळा संपता संपता एका रविवारी सकाळी प्रार्थना आटोपून मी खिडकीजवळच्या टेबलावर ती जुळवायला बसलो. काचेच्या काठांना तांब्याची पातळ पट्टी चिकटवायची आणि मग कथलाने झाळायचं, म्हणजे वितळलेल्या धातूने सांधायचं, असं ते काम. झाळताना धूर उजव्या डोळ्यात गेला आणि पाणी यायला लागलं. पण नळी कशी झालीय ते बघायची घाई. म्हणून ती डाव्या डोळ्याला लावली, एरवी मी लावत नाही.

आतलं फूल कडेने सुरेख दिसत होतं. मधोमध मात्र धुरकट डाग.

आतले आरसे साधे नसतात. त्यांचा पारा पुढच्या अंगाला असतो, बोट लागलं की ठसा उमटतो. मला वाटलं, माझंच बोट लागलं. झाळलेलं सोडवलं, आरसे काढले, मऊ कापडाने पुसले, पुन्हा बसवले. डाग तसाच. मग आरसेच बदलले. ते चांगले आरसे मी कुणा खास माणसासाठी जपून ठेवले होते, म्हटलं तुझ्याहून खास कोण. तरी डाग. मग टोकाची डबी उघडली. तिच्यात रंगीत तुकडे ग्लिसरीनमध्ये सोडलेले असतात, म्हणजे ते सावकाश खाली येतात. म्हटलं, ग्लिसरीन गढूळ झालं असेल. तेही बदललं.

तुझी भावजय चहा घेऊन आली. तिला म्हटलं, "बघ जरा, मधे डाग दिसतो का?"

तिने नळी फिरवून फिरवून बघितली. "कसला डाग? छान तर दिसतंय. डाग तुमच्या डोळ्यात असेल. आणि टेबलावर हे ग्लिसरीन कुणी सांडलं?"

शेवटी दोष सापडला. नळीत नव्हता. असो.

गाडी घेऊन न्यायला कधी येतोस, हे तू पुन्हा विचारलंयस. रस्त्याचं काम चालू आहे, धूळ फार उडते असं ऐकलं. शिवाय परीक्षा जवळ आल्या की शाळेची बस सोडून रजा मिळणं अवघड जातं. तुझ्यासाठी मागची खोली रंगवून ठेवलीय, पलंग खिडकीला लावलाय. तेवढं गाडीचं शेवटी लिहितो.

आता निघायची वेळ झाली. उरलेलं आल्यावर लिहीन.


शनिवार, दुपार

अक्का, येत्या गुरुवारी येतोय. तुला घेऊनच परत येणार. पण गाडी घेऊन नाही, रेल्वेने. तिकिटं काढली आहेत, खिडकीची जागा तुझी.

दाजी गेल्यापासून तू दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसत नाहीस. माझा भाऊ चालवणार असेल तरच मी घर सोडीन, असं तू सगळ्यांना सांगितलंयस, हे मला माहीत आहे. म्हणूनच मागच्या पत्रांत मी कधी पावसाचं, कधी रजेचं आणि काल धुळीचं निमित्त काढलं. रस्ता चांगला आहे. माझा डावा डोळा चांगला नाही.

त्या रविवारी काय झालं ते काल पूर्ण लिहिलं नाही. भावजय आत गेल्यावर मी डबी फिरवली. रंग हलले, फूल मोडलं, नवं जमलं. डाग हलला नाही. मग सगळी नळीच फिरवली. तरी तो जागचा हलेना. नळीतली प्रत्येक गोष्ट फिरवली की हलते, अक्का. तो डाग नळीतला असता तर फिरला असता. मग उजव्या डोळ्यातलं पाणी पुसलं आणि नळी तिकडे लावली. फूल मधोमध लख्ख.

मी ती कापडात गुंडाळून कपाटात ठेवली आणि गप्प बसलो. भावजयीचं म्हणणं तिच्या नकळत खरं ठरलं होतं. तिला सांगितलं असतं, तर तिने तिथल्या तिथे चपला घातल्या असत्या आणि मला दवाखान्यात ओढत नेलं असतं. म्हणून सांगितलं नाही.

त्यानंतर रोज सकाळी प्रार्थना झाली की नळी काढायची आणि डाव्या डोळ्याला लावायची. देवाकडे काही मागायची मला सवय नाही, पण त्या दिवसांत मागत होतो. डाग पसरत होता. आणि रोज नळी कपाटात ठेवून मी बसवर जात होतो. दोन्ही डोळे उघडे असले की काही जाणवत नाही, तेच वाईट. मी मनाला सांगायचो, उजवा आहे ना शाबूत. इतकी वर्षं चालवतोय, हातांना रस्ता पाठ आहे.

बसच्या किल्लीला हात लावण्याआधी मी डोळे मिटून देवाचं नाव घेतो, हे तुला माहीत आहे. मुलांना चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या मावशींनाही माहीत आहे, तोवर त्या दारात थांबतात. या बुधवारी मी बसलो आणि सरळ किल्ली फिरवली.

मावशी म्हणाल्या, "आज काय, देवाशी भांडण झालं वाटतं?"

मी म्हटलं, "उशीर झालाय."

"उशीर कसला? आपण लवकर आलोय."

विसरलो नव्हतो, अक्का. नाव ओठांवर येत नव्हतं. त्याचं नाव घ्यायचं, आणि त्याला आणि मला दोघांनाच माहीत असलेली गोष्ट मागे बसलेल्या मुलांपासून लपवायची, हे जमेना. त्या दिवशी बस मी चोरासारखी चालवली. शेवटचं मूल उतरलं तेव्हा माझे हात स्टिअरिंगला चिकटल्यासारखे झाले होते.

घरी येऊन भावजयीला सांगितलं. तिने गॅस बंद केला. मग म्हणाली, "तरीच म्हटलं, तुम्ही हल्ली चहा कपाबाहेर ओतता." आणि चपला घातल्या.

डॉक्टरांनी गुरुवारची वेळ दिली, म्हणून त्या दिवशी रजा घेतली. डॉक्टर बाई तरुण आहेत, पण घाई न करता समजावून सांगतात. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. गेलेलं परत येणार नाही. उजव्यातही सुरुवात आहे, ती औषधाने लांबवता येईल. कडेचं दिसत राहील. मी नळ्या बनवतो हे सांगितल्यावर म्हणाल्या, "बनवा की. जमेल तोवर बनवा." बसचं विचारलं तेव्हा त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली.

तरी काल सकाळी तुला पत्र अर्धवट ठेवून निघालो, तेव्हा माझं पक्कं ठरलं नव्हतं. हे लिहिताना लाज वाटते. सवयीने आवारात गेलो, बसमध्ये चढलो, सीटवर बसलो. समोरची काच कुणीतरी स्वच्छ पुसली होती.

तेव्हा दाजी आठवले. त्यांनी मला त्यांच्या टेम्पोवर गाडी शिकवली, मागे काचांचे तावच्या ताव उभे असायचे. पहिल्याच दिवशी खड्ड्यात चाक घातलं, तेव्हा ते ओरडले नाहीत. म्हणाले, "जन्मभर एक लक्षात ठेव. मागे काच आहे असं समजून चालव. कधी काही फुटणार नाही." पुढे शाळेची नोकरी लागली तेव्हा मला वाटायचं, त्यांनी मला त्यासाठीच तयार केलं होतं.

मी डोळे मिटले. नाव घेतलं. अगदी सहज आलं, अडखळलं नाही. मग किल्ली काढली आणि खाली उतरलो. मावशी दारातच होत्या. बुधवारी नाव न घेता किल्ली फिरवली होती, आणि आज नाव घेऊन न फिरवताच उतरतोय, हे त्यांनी बघितलं. नुसत्या बाजूला झाल्या.

बसचं काम बघणाऱ्या साहेबांना सगळं सांगितलं. ते माणूस म्हणून चांगले आहेत, पण अडचणीत होते. म्हणाले, "अहो, एका डोळ्याने निम्मं जग गाडी चालवतं. बदली माणूस मिळेपर्यंत ओढा. तुमच्या हातावर माझा भरवसा आहे."

मोह झाला. का होणार नाही? पुढे काय करायचं ते मला अजून माहीत नाही. आवारात टायर आणि तेल-पाणी बघायला माणूस लागेल का, असं काल संध्याकाळी साहेबांना फोनवर विचारून ठेवलंय. ते बघू म्हणाले. नाही मिळालं तर दुसरं शोधीन. पहाटे उठायची सवय आहे, हात धड आहेत, आणि हिरकणीची सळसळ ऐकायला डोळे लागत नाहीत. डोळे मिटून काच कापायचा सराव सुरू केलाय. परवा पहिला तुकडा सरळ निघाला, म्हणून भावजयीला दाखवायला गेलो. ती म्हणाली, "बोटं मोजा आधी."

तुझी नळी पिशवीत भरली आहे. रेल्वेत तुझ्या हातात देईन. तू ती कुठल्याही डोळ्याला लाव, मधे स्वच्छ दिसेल. आरसे तीनदा पुसले आहेत, त्याची खात्री मी देतो. आणि तू भिऊ नकोस. या वेळी मी पुढे नसेन, तुझ्या शेजारी असेन. दोघंही मागे बसू.

काल साहेबांच्या त्या बोलण्यावर मी एवढंच म्हटलं, "साहेब, मागे काच आहे." त्यांना काही कळलं नाही. मी बसची किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवली, आणि त्यांनी ती परत माझ्याकडे सरकवायच्या आत बाहेर आलो.

दाजींनी शिकवलेला,
आता तुझ्या शेजारच्या जागेवरचा,
तुझा भाऊ