अकरा पानं कोरी धर

नाचणे, रत्नागिरी
१६ नोव्हेंबर

प्रिय श्रुती,

तुझा फोन ठेवला आणि तसाच पडवीत बसून राहिलो. चहा निवला, त्यावर साय धरली. शेजारची सानवी डोकावून विचारून गेली, "आजोबा, कुणाशी भांडलात काय?" म्हटलं, नाही गो, भांडायचंय अजून. भांडण तुझ्याशी आहे, बाय माझे, आणि ते फोनवर होण्यातलं नाही. फोनवर माणूस नुसता हो-हो करत सुटतो. म्हणून चार दिवस बसून हे लिहितोय. अक्षराला हसू नकोस, ते कुठून आलं तेही यात येणार आहे.

तू सांगितलंस ते आधी माझ्या भाषेत मांडतो, म्हणजे मला कळलं की नाही ते तुला कळेल. दहा डिसेंबरला तुला दिल्लीत समितीपुढे उभं राहायचं आहे. डोंगराच्या पोटात तुम्हांला जे यंत्र बसवायचं आहे त्याचा अहवाल एकदा परत आलाय, आणि परत येण्याचं कारण तुझ्याच वाट्याचं पान आहे. समितीनं विचारलं, असल्या काळ्या दगडात वर्षानुवर्षं पाणी किती झिरपतं, पंप किती लागतील, हा आकडा तुम्ही कशावरून धरलात? तुझ्याकडे दोन वर्षांची मोजणी, ती पुरत नाही. आता तू म्हणतेस, आबा, आकडा जरा खालीच धरते, एकदा मंजुरी मिळाली की सुधारित अंदाज पाठवता येतो, सगळे असंच करतात. आणि मग हसत म्हणालीस, तुमच्या त्या वह्या जाळल्या नसत्यात तर! मीही हसलो आणि पुन्हा म्हटलं, जाळल्या गो कधीच.

मे महिन्यात तू आली होतीस तेव्हा याच पडवीत मला सगळं समजावलंस. न्यूट्रिनो नावाचे कण, मुंगीच्या डोळ्याहून कोट्यवधी पट बारीक, आपल्या अंगातून, घरातून, अख्ख्या पृथ्वीतून आरपार जातात आणि कुणाला दाद देत नाहीत. आभाळातून बाकीचंही नाना तऱ्हेचं बरसत असतं, ते गाळायला वर डोंगर हवा. मी म्हटलं, म्हणजे डोंगराची चाळण आणि खाली तुमचं जाळं. तू खूश झालीस. मग मी विचारलं, हे मासे खाता येतात काय? नाही म्हणालीस. विकता येतात? तेही नाही. मग एवढं जाळं विणायला पैसा कोण देतो?

तेव्हा तू जे सांगितलंस ते मला फार आवडलं होतं. कुणी शेठ यात पैसा घालणार नाही, कारण वीस वर्षं वाट बघून हाती आलं तर ज्ञान येणार. एवढी वाट फक्त देश बघू शकतो. म्हणून अणुऊर्जा विभाग, विज्ञान-तंत्रज्ञान विभाग अशी खाती असल्या यंत्रांना हात देतात. आधी शास्त्रज्ञांनी कल्पना मांडायची, मग जाणत्यांच्या समितीनं तिची साल काढायची, मग बारीकसारीक खर्चासकट अहवाल, मग खर्च तपासणारी समिती, आणि रक्कम फारच मोठी असली तर थेट मंत्रिमंडळ. मंजूर झालं तरी पैसा एकदम नाही, टप्प्याटप्प्यानं, आधीचा कुठं घातला त्याचं उपयोजिता प्रमाणपत्र दिल्यावर पुढचा. तू वैतागून सांगत होतीस आणि मला आमच्या ओढ्यावरचा साकव आठवत होता. दर वर्षी पावसाळा सरला की वाडीत घरटी एकानं बांबू नाहीतर एक दिवसाची मेहनत द्यायची. कुणाच्या मालकीचा नाही, सगळ्यांच्या पायाखालचा. पण बांबू कुजका निघाला तर वाडी पुढच्या वर्षी त्या घराचा बांबू डोळ्यांत तेल घालून बघायची. तुमच्या समित्या तेच करतात, फक्त कागदावर. त्यांचा राग कशाला? मी चहाचा पुडा घेतो, फारुक जाळ्याचा धागा घेतो, त्यावरच्या करातला कण न् कण तिकडे जातो. तो बारीक असेल, पण तुझ्या न्यूट्रिनोइतका काही बारीक नाही.

फारुक म्हणजे मिरकरवाड्याचा, लाकडी पायाचा. लहानपणी तू त्याच्या पायावर टकटक करायचीस आणि तो आतून "कोण आहे?" म्हणायचा. त्याच्याबद्दल तुला एवढंच ठाऊक की आम्ही घाटाखालच्या बोगद्याच्या कामावर एकत्र होतो आणि तिथं दगड पडून त्याचा पाय गेला. पुढचं आता सांगतो.

मी कामाला लागलो तेव्हा वीस वर्षांचा, शाळा दुसरी इयत्ता. पद खलाशाचं, म्हणजे पडेल ते काम करणाऱ्या मजुराचं. दोन वर्षांनी बोगद्यात पाणी मोजणारा माणूस बदलून गेला आणि साहेबांनी रांगेत विचारलं, आकडे कुणाला येतात? मी हात वर केला. मला येत होते ते वीसपर्यंत, आणि तेही तोंडी. काम असं होतं: आत सातशे मीटरवर, तुमच्या डोंगरात आहे तसल्याच काळ्या दगडातून झिरपणारं पाणी पन्हळीनं एका जागी आणलेलं. तिथं पंधरा लिटरची बादली लावायची, घड्याळ दाबायचं, भरायला किती सेकंद लागले ते वहीत लिहायचं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. सेकंद जास्त म्हणजे पाणी कमी. उन्हाळ्यात चाळीस-पंचेचाळीस, पावसात तीसच्या आसपास. सरकारी वहीत माझे आकडे असे वाकडेतिकडे पडायचे की मला लाज वाटायची, म्हणून रोज घरी येऊन तेच आकडे माझ्या वहीत घोटायचो. आकड्यांवरून तारखा, तारखांवरून महिन्यांची नावं, नावांवरून अक्षरं. फारुक चिडवायचा, "काश्या, तू सरकारचा नोकर की पाण्याचा कारकून रे? पाणी तुला पगार देणाराय काय?" माझी शाळा ती. अठरा वर्षं चालली. एकूण तेवीस वह्या.

त्या मी जाळल्या नाहीत. पलंगाखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत आहेत, कडुलिंबाच्या पाल्यात, एकाही पानाला वाळवी नाही. तू पहिल्यांदा विचारलंस तेव्हा खोटं बोललो, आणि मग तेच रेटत राहिलो.

आता ऑगस्ट एकोणीसशे शहात्तर. तुझी आई पाच महिन्यांची. तुझ्या आजीला कावीळ झाली, अशी की डोळे हळदीत बुडवल्यासारखे. घरात तिसरं माणूस नाही. रजा मागितली असती तर मिळाली असती, हे मी तेव्हाही जाणून होतो. पण रजेवर गेलो तर दुसऱ्याला वही देतील, आणि त्याचं अक्षर बरं असलं तर परत मागणार कुठल्या तोंडानं? मला त्या वहीचा माज होता, श्रुती. वाडीत मी "वहीवाला काशीराम" होतो. म्हणून मी एक सोय काढली. सकाळी बोगद्याच्या तोंडाशी जाऊन मस्टरवर सही करायची, सातशे मीटर आत न जाता मागच्या वाटेनं घरी यायचं, येसूला, म्हणजे तुझ्या आजीला, डॉक्टरांचं औषध द्यायचं, पोरीला दूध पाजायचं, आणि आकडा मनानं लिहायचा. एकतीस. बत्तीस. तीस. पुन्हा एकतीस. मागच्या वर्षीच्या ऑगस्टवरून बघून लिहायचो, म्हणून कुणाला संशय आला नाही. अकरा दिवस. "थोडा इकडेतिकडे," मी येसूला म्हटलं होतं, "पाणी काही एवढ्यात पळून जात नाही."

बाराव्या दिवशी दुपारी आतलं छत एका जागी खाली आलं. फारुक त्या वेळी पंपाजवळ होता. उजवा पाय गुडघ्यापासून गेला. त्या संध्याकाळी सगळे त्याला घेऊन दवाखान्यात पळाले तेव्हा मी एकटा पन्हळीपाशी गेलो आणि बादली लावली. नऊ सेकंदांत भरली. मला वाटलं घड्याळ बिघडलं. पुन्हा लावली. नऊ.

चौकशी झाली. साहेबांनी वही उघडली, सगळे आकडे नेहमीसारखे. कागदावर लिहिलं गेलं की आधी काही लक्षण नव्हतं, नैसर्गिक घटना. मी समोर उभा होतो, हात मागे बांधून. ते सेकंद पहिल्या दिवसापासून उतरत नऊवर आले होते की एका रात्रीत, मी आत गेलो असतो तर वेळेवर कळून माणसं बाहेर काढली असती की नाही, कुणास ठाऊक. कधीच कळणार नाही, कारण ते कळण्यासाठी जी पानं होती ती मी माझ्या मनानं भरली होती. पन्नास वर्षं होत आली. फारुक दर ईदला शीरखुर्मा पाठवतो, मी बुद्ध पौर्णिमेची खीर नेतो, आणि दर खेपेला तो कुणा ना कुणाला सांगतो, "या काश्याची वही पक्की होती म्हणून चौकशीत माझ्यावर बोट आलं नाही. नायतर म्हणाले असते, पंपवालाच झोपला होता." मी मान खाली घालून वाटी चाटून पुसून ठेवतो. तुझ्या आजीला माहीत होतं. जाण्याआधी आठ दिवस म्हणाली होती, माझ्यामागं तरी फारुकभावजींना सांगून टाका. त्यालाही सहा वर्षं झाली.

आता कळलं ना, तू फोनवर "आकडा जरा खालीच धरते" म्हणालीस तेव्हा माझा चहा का निवला? तुझ्या तोंडून मला माझाच आवाज ऐकू आला. तू म्हणशील, आबा, हा नुसता खर्चाचा अंदाज, यानं कुणाच्या अंगावर दगड पडत नाही. आज नाही पडत. पण कमी धरलेल्या आकड्यावर कमी पंप येतात, कमी पंपांवर पाच-दहा माणसं आत उतरतात, आणि त्यांतल्या एखाद्याची कुणीतरी वाडीत वाट बघत असतं. आणि समिती तुला आकडा मोठा का असं विचारत नाहीये गो. ती विचारतेय, कशावरून. याचं उत्तर तुझ्या ट्रंकेत नव्हतं, माझ्या होतं. खरा आकडा मोठा आला तर मोठा मांड. फाईल परत आली तर येऊ दे, पुन्हा जा, तिसऱ्यांदा जा. देशाला वीस वर्षं थांबता येतं तर तुला दोन वर्षं जड नाहीत. आणि परदेशातून तुला जी नोकरी आलीय ती घ्यायची की नाही ते तू ठरव, मी त्यात पडणार नाही. पण खाली धरलेला आकडा मागे ठेवून जाऊ नकोस.

हे पत्र मी आधीच लिहू शकलो असतो, नुसत्या वह्या पाठवूनही चाललं असतं, तुला कधी काही कळलं नसतं. पण माझे आकडे घेऊन तू दिल्लीत उभी राहणार, आणि ज्याच्या पायावर ते उभे आहेत त्याला ठाऊक नाही, हे मला पटेना. म्हणून आज सकाळी मी मिरकरवाड्याला गेलो. फारुक पडवीत जाळं सांधत बसला होता, नसीमा भाभी आत बांगडे साफ करत होत्या. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, अकरा दिवस, मागची वाट, सगळं. त्याची सुई थांबली. त्यानं धागा दातानं तोडला. मग विचारलं, "नऊ सेकंद?" म्हटलं, नऊ. तो पुन्हा सांधू लागला. मी निघालो तेव्हा मागून म्हणाला, "काश्या, उद्या येऊ नको." मी थांबलो. "परवाही येऊ नको. शुक्रवारनंतर ये." मग म्हणाला, "पोरीला वह्या दे. पण ती तुझी खोटी पानं देऊ नको." तेच करतोय, बाय. तेवीस वह्या रजिस्टर पार्सलनं येताहेत, सोबत कुळथाचं पीठ आहे. चौथ्या वहीत ऑगस्टच्या अकरा पानांना मी लाल दोरा बांधलाय. ते आकडे वाचता येतात, नीट घोटलेले आहेत, पण तू ती अकरा पानं कोरी धर, आणि समितीनं विचारलं की मधे रिकामं का, तर माझं नाव घेऊन सांग. बाराव्या दिवसाचे नऊ सेकंद मात्र धर. ते खरे आहेत.

शुक्रवारची वाट बघणारा,
तुझाच
आबा
(काशीराम)