सत्तावीस नंबरचा सातू

३ जुलै
सरांनी आज सत्तावीसचा निकाल जवळजवळ लावलाच. गेल्या हंगामात प्रयोगाच्या शेतावर बाकी सगळ्या वाणांची पानं तपकिरी डागांनी करपली, सत्तावीस शेवटपर्यंत हिरवा. हे ते मान्य करतात. मग दाणे चाळून दाखवले. निम्मे चाळणीतून खाली. "रोगाला दाद देत नाही, पण दाणा बघ. उपाशी उंदीर! बिअरला याचं माल्ट कोण घेईल?" यंदाच्या पेरणीत एकाच वाणाला जागा उरलीय. कुणाला द्यायची ते महिनाअखेरच्या मीटिंगमध्ये ठरणार.
राग आला. दाणा बारीक आहे हे मलाही दिसतं. पण का बारीक?

६ जुलै
परळच्या लॅबमधून काळाचौकीला घरापर्यंत चालत आले, डोकं शांत करायला. सत्तावीस उशिरा निसवतो. बाकीच्यांचे दाणे भरून झाले तेव्हा याच्या ओंब्या नुकत्या बाहेर, वर कडक ऊन. पोसणार कसा? म्हणजे खोट वाणात नाही, पेरणीच्या तारखेत आहे. पंधरवडा आधी पेरला तर भरेल. निदान मला तसं वाटतं. सिद्ध करायला पेरायलाच हवा.
बाबा शेजारच्या काकांना सांगत होते, "पोरगी बिअरमध्ये डॉक्टर होतेय." काका म्हणे, "मग क्लिनिक कधी टाकतेय?" दोघं खिदळले. मीही.

११ जुलै
लॅबचा एसी बंद पडलाय. सगळं दमट. सत्तावीसच्या बरणीत वरच्या थरावर पांढरी बुरशी. शेजारच्या टेबलावरचा निलेश, मुद्दाम सरांसमोर: "आयला, हिच्या रोगमुक्त वाणालाच बुरशी!" सर हसले. पानावरची बुरशी वेगळी, बरणीतली वेगळी, हे दोघांनाही पक्कं माहीत आहे. तरी हसले.
खराब झालेलं टाकलं. उरलेलं सगळं चांगलं बी पिशवीत भरून घरी आणलं, फ्रिजमध्ये ठेवलं. बांगड्यांच्या वरच्या कप्प्यात.

१४ जुलै
आईने सत्तावीस भाजला.
जिन्यातच खमंग वास आला. वाटलं, कुणीतरी चणे भाजतंय. आई खूश. "सातवाच्या पिठात सातू कोण घालता गो? सगळी गव्हाचाच करतत. म्हटला, एकदा खऱ्या सातवाचा करूया, तुझ्यासाठीच."
मी ओरडले. खूप. ती रडायला लागली. "माका काय म्हायत, ता बियाणा म्हणून?" कढईत मावलं नाही तेवढं पिशवीत राहिलंय. मूठभर.
रात्री गूळ-दूध घालून ते पीठ खाल्लं, रागातच. चांगलं लागलं, त्याचा आणखी राग आला.

१५ जुलै
आईशी बोलले. पिशवीवर मोठ्या अक्षरात लिहिलं: हात लावू नये. तिने ते वाचलं आणि दिवसभर माझ्याकडे बघून हसत होती.

३० जुलै
मीटिंग. सरांना सगळं सांगितलं, कढईसकट. निलेशने हसू दाबायला पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि ठसका लागून बाहेर गेला.
सर: "मुठीवर काय सिद्ध करणार तू?"
म्हटलं, दोन ओळी द्या. लवकर पेरते. दाणा भरला नाही तर मीच फेकून देईन.
"लवकर म्हणजे दिवाळीत. तेव्हा शेतावर कुणी नसतं."
म्हटलं, मी असेन.
सर पेन फिरवत म्हणाले, "आधी बी उगवतंय का ते दाखव. मग बोलू."
नाही म्हणाले नाहीत. मी सोडणार नाही.

१ ऑगस्ट
थोडे दाणे ओल्या कागदात गुंडाळून ठेवलेत. त्या दमट बरणीतून वाचलेले. जीव आहे की नाही, देव जाणे.
आईला दिवाळीचं सांगितलं. वाटलं, आता तिची कुरकुर सुरू होईल. तर म्हणाली, "मगे मी पण येतंय. फराळ थंयच खावया." बाबांना विचारलंसुद्धा नाही.

२ ऑगस्ट
कागद उघडला. बहुतेक दाणे कालच्यासारखेच. एकाच्या टोकाला बारीक पांढरं काहीतरी दिसतंय. आईने चष्मा लावून पाहिलं, मी भिंगातून पाहिलं. कोंब की बुरशी, अजून सांगता येत नाही.