उजव्या हातावरचा व्रण

१४ मार्च, गुरुवार

ती. ताई,

उभ्यानंच नमस्कार, दोन महिने टेबलावर वाकून कंबर धरली आहे. बाकी आम्ही मजेत. लेकीचे पुढचे दोन्ही दात पडले, तरी बडबड कमी नाही. भाऊजींचा गुडघा कसा आहे? फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून पत्र.

मुलींसाठीचं चित्रकथेचं पुस्तक एकदाचं तयार झालं. महिनाअखेरीस छपाईला जाईल. नायिका बारा वर्षांची. आधी मी तिला पंख दिले होते. शाळेच्या वाचनालयातल्या मुलींना कच्ची पानं दाखवली, तर एक म्हणाली, "उडता येतं, मग त्यात काय मोठंसं?" नाक कापलं गेलं, पण पोरीचं खरं होतं. पंख पुसून टाकले. नुसती धीट ठेवली, पाठीवर एक धाकटी बहीण दिली. आणि तिच्या उजव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, भाजल्याचा व्रण रेखाटला.

तुला न विचारता.

रंग भरणाऱ्या काकांनी तो शाईचा डाग समजून चाळीस पानांवरून पुसून टाकला. वर मलाच ऐकवलं, "हल्ली तुझा हात हलतो बरं का!" मी पानं तशीच घेऊन आले. खरं सांगू? हुश्श वाटलं. आता ताईला विचारायला नको.

पण मुली कुठल्या सोडतात! रंगीत पानं बघताच, "हिचा व्रण कुठे गेला?" एक म्हणाली, "तिला लाज वाटली असेल." दुसरी तिच्यावर उखडली, "तिला कशाला? लाज त्या धाकटीला वाटायला हवी!"

चोराच्या मनात चांदणं. मी तिथून उठलेच. काकांनी कुरकुरत सगळे व्रण पुन्हा रंगवले.

ताई, आता आडपडदा नको. मला रंगांसाठी कोमट पाणी हवं होतं, दम निघाला नाही, आणि मी शेगडीवरचं पातेलं ओढलं. तू मध्ये हात घातलास. आईला म्हणालीस, "माझ्याच हातून सुटलं." कारण आणखी एक खोडी केली असती तर माझी रंगपेटी माळ्यावर जाणार होती. हे तुला ठाऊक आहे. पण तीस वर्षांत मी एकदाही तोंडानं कबूल केलं नाही. तू उन्हाळ्यातही पुऱ्या बाह्या घालतेस आणि मी दर वाढदिवसाला पुऱ्या बाह्यांचंच काहीतरी पाठवते. माझं चुकलं गं.

हात तुझा आहे. नको म्हणालीस तर व्रण काढून टाकीन, काकांची बोलणी खाईन. रागावणार नाही. फक्त आठवड्याभरात कळव.

हो म्हणालीस, तर धाकटीही आहे तशीच राहील: पातेलं ओढणारी, दाराआड लपणारी, तोंडातून शब्द न काढणारी. मुलींना ती मुळीच आवडत नाही. शेवटच्या पानावर मी तिला आईसमोर उभं केलंय आणि तिच्या तोंडी एकच वाक्य दिलंय. ते लिहिलं आणि किती वर्षांनी शांत झोपले!

"आई, ताईनं नाही, मी ओढलं."

तुझी धाकटी