जुना भुसा

३ मार्च
पोचले एकदाची! खाली उंदरांचे पिंजरे, वर राहतं घर. पांढरे उंदीर वाढवून पाळीव प्राण्यांच्या दुकानांना पुरवायचे, हे आता माझं काम. मालकीणबाईंना सगळे मावशी म्हणतात, मीही म्हणायला लागले. मला स्वतंत्र खोली आहे, खिडकीशी टेबल आहे. सामान उचलायला मावशींच्या तिन्ही सुना धावत आल्या. मुलगा मात्र एकच! हे कसं काय, म्हणून विचारलं तर तिघी हसत सुटल्या. असेल बाई एकेका घरची तऱ्हा. निघताना वहिनी म्हणाली होती, की तुझं कुणाशी पटत नाही, आठ दिवसांत तोंड पाडून परत येशील. आता तिच्या नाकावर टिच्चून इथे राहणार.

६ मार्च
नवी मादी जुन्यांत कशी मिसळायची ते मावशींनी शिकवलं. एक नर आणि त्याच्या तीन-चार माद्या, असं एकेका पिंजऱ्यातलं बिऱ्हाड. नवीला थेट सोडलं तर फाडतात. उंदीर तोंड ओळखत नाहीत, वास ओळखतात. म्हणून नवीला आधी वेगळी ठेवायची आणि तिच्याखाली जुन्यांचा वापरलेला भुसा घालायचा. अंगाला त्यांचा वास लागला, की एक रिकामा पिंजरा सोड्याने घासून कुणाचाच नाही असा करायचा आणि सगळ्यांना एकदम त्यात सोडायचं. मागे कुणीतरी नवीला हौसेने आंघोळ घातली होती. तिचा एक कान तेवढा उरला, असं मधली सून जेवताना सांगत होती. हसता हसता तिला ठसका लागला.

१० मार्च
माझ्या गादीवरची चादर वापरलेली आहे. उशीला दुसऱ्याच कुणाच्या तेलाचा वास. धुतलेली मागितली, तर थोरली म्हणाली की नव्या माणसाने काही दिवस हीच वापरायची. माझा साबण मोरीतून गायब. फोन मावशींनी चार्जिंगला नेला, तो अजून आलेला नाही. नशीब, ट्रंकेत साबणाची आणखी एक वडी आहे. मी चादर कोपऱ्यात फेकली आणि नुसत्या गादीवर झोपले. मी काय कुणाची उष्टी चादर पांघरणारी आहे होय!

१३ मार्च
धाकटीला सहज विचारलं, माहेर कुठलं. म्हणाली, आठवत नाही. मग म्हणाली की ती इथे उंदरांच्या कामालाच आली होती. मधलीही. थोरलीही. माझ्याच खोलीत राहिल्या होत्या.
भीती वाटते, खोटं कशाला लिहू?
साबण लावून दोनदा आंघोळ केली. बाहेर आले तर सुनांची पोरं खेळ थांबवून माझ्याकडे वळली. नाकं वर. धाकट्या सुनेने जवळ येऊन मनगटाला कडकडून चावा घेतला, आणि मग स्वतःच रडायला लागली.

१५ मार्च
माजघर रिकामं केलंय. सगळं सामान बाहेर. तिन्ही सुना जमीन घासताहेत, भिंतीसुद्धा. सोड्याने.
उद्या दुपारी सगळ्यांनी तिथे एकत्र लवंडायचं, असं मावशी प्रेमाने सांगून गेल्या. मीही.
फाटकाला कुलूप. खिडकीला गज. मुलगा जिन्यात बसून असतो.
धुणं मात्र आज माझ्याकडे आहे. मावशींचं उद्या नेसायचं लुगडं माझ्या साबणाने धुतलं. तीनदा. मला परकी ठरवता काय? मग तुम्हीही व्हा.

१६ मार्च
खोलीला आतून कडी घातली. मावशी माजघरातून हाका मारताहेत. आधी लाडाने. आता —
बाकीचे हुंगताहेत. इथवर ऐकू येतंय.
मावशी ओरडल्या, की मी आहे गं, मीच —
मग ते चिरकणं. पिंजऱ्यातलं ओळखीचं. माणसाच्या गळ्यातून.

थांबलं.

पावलं. माझ्या दाराशी. फटीखाली नाकं. तीन. चार. पोरांचीही. दार ओरबाडताहेत.
कोपऱ्यात ती चादर आहे. अंगभर गुंडाळली तर मला जवळ घेतील, हे पक्कं ठाऊक आहे. मलाही माहेर आठवणार नाही.
नाही गुंडाळणार. उरलेली वडी मानेला, हातांना चोळलीय. पिंजरे खरवडायची पट्टी हातात आहे.
वहिनी, आठ दिवस केव्हाच झाले. तोंड पाडून नाही येणार मी.
बिजागरी सुटली. या, घ्या हुंगून, हा माझा —