फॉर्मवर निवडलेली भाजी

२ मार्च, रविवार

तेजश्रीच्या नव्या घराची वास्तुशांत झाली. इथल्याच टार्निट उपनगरात घर घेतलं, चार बेडरूम, मागे वीतभर अंगण. पहाटे पाचपासून पुऱ्यांचं पीठ मी मळलं. माझी धाकटी जाऊ आहे ती, केलं पाहिजे.

आणि जेवताना चाळीस माणसांत काय म्हणाली! कुणीतरी तिच्या युनिव्हर्सिटीतल्या कामाचं विचारलं. ती चिनी बायकांसाठी कसलासा फॉर्म बनवते - कॅन्सरच्या तपासणीबद्दल त्यांना काय वाटतं ते विचारायचा. कुणी म्हणालं, वहिनींना दे की एक भरायला. तर ही म्हणते, "वहिनींना फॉर्म दिला तर त्यावर भाजी निवडतील."

सगळे हसले. हे पण हसले. मी पुऱ्या तळत होते.

सातवीपर्यंत शिकले मी. पण विसरत नाही काही.

५ मार्च, बुधवार

तिचाच फोन! "वहिनी, तुमच्या शेडमध्ये चिनी बायका आहेत ना?" आहेत की. वेरिबीच्या पुढे आमचं भाजी पॅक करायचं शेड, तिथे फ्लॉवर-ब्रोकोली कापायला अकरा जणी आहेत. तिला त्या पाहिजेत. फॉर्म भरून पाहायचा आहे.

गरज पडली की वहिनी.

मी विचारलं, भरून होणार काय? तर सगळं समजावलं मला, लहान पोराला सांगावं तसं. पन्नाशीनंतर सरकार घरी एक डबी पाठवतं. त्यात आपल्या शौचाचा नमुना घालायचा आणि पोस्टाने परत पाठवायचा. रक्त असेल तर कळतं. चिनी बायका पाठवत नाहीत, का पाठवत नाहीत ते फॉर्म विचारतो. भीती वाटते, लाज वाटते असं लिहिलं तर तिचे तपासणी सेंटरवाले चिनी बोलणारी नर्स शेडवर पाठवणार. तसं काही नसेल तर नुसती पत्रं.

माझी डबी मी मागच्याच वर्षी पाठवली. तिने विचारलंसुद्धा नाही.

१२ मार्च, बुधवार

आज भरले फॉर्म. हे पान जपून ठेवायचं आहे मला.

तेजश्री आली, चिनीत छापलेले फॉर्म माझ्या हातात दिले आणि फोनवर बोलत गाडीत जाऊन बसली. जेवणाच्या टेबलावर अकरा जणी. थोरली हुआंगबाई, सत्तरीची, चष्मा लावून बसली. बाकीच्या पेन हातात धरून गप्प. हुआंगबाईंनी एका उत्तराला गोल केला की सगळ्यांनी तोच गोल. दुसरा - दुसराच. पंचवीस मिनिटं हेच. शेवटी हुआंगबाईंनी आपल्या फॉर्मचा फोटो काढून ठेवला.

मेईला विचारलं. मेई माझ्या शेजारी उभी राहून कापते, सत्तावन्नची आहे, चार वर्षं एकत्र आहोत. आम्ही दोघी मोडक्या इंग्लिशमध्ये आणि हातांनी बोलतो. तिने सांगितलं ते असं - थोरलीच्या पुढे जाऊन वेगळं लिहायचं नाही. आणि चुकलं तर सगळ्यांचं चुकावं, एकटीचं नको. सरकारचा कागद आहे, उद्या मेडिकेअरचे फुकट उपचार बंद झाले तर?

मग इकडेतिकडे बघून पोटाकडे बोट केलं आणि आपला लाल ग्लोव्ह दाखवला. शौचाला रक्त जातं. दिवाळीच्या सुमारापासून. डबी घरी कपाटात पडून आहे, कारण नमुना फ्रिजमध्ये ठेवायला सांगितलाय, आणि जेवणाच्या फ्रिजमध्ये असलं कोण ठेवतं. मी म्हटलं, डॉक्टरकडे जा. तर, "नो, नो. नॉट से नेम." आजाराचं नाव काढलं की तो येतो. फॉर्ममध्ये ते नाव तीसेक वेळा आहे म्हणे! तिने एकदाही वाचलं नाही, गोल तेवढे केले. चिनी बोलणारी नर्स आली तर तिला सांगेन म्हणाली.

माझी आईही असंच करायची. नाव काढायची नाही.

गाडीत जाऊन तेजश्रीला फॉर्म दिले. "झालं नीट?" विचारलं तिने.

"एकदम," म्हटलं.

१३ मार्च

रात्री गाढ झोप लागली. वास्तुशांतीपासून पहिल्यांदा.

२६ मार्च, बुधवार

दोन आठवड्यांनी तोच फॉर्म परत. तेजश्री म्हणते, बायका दोन्ही वेळा सारखंच सांगतात का ते बघायचं असतं.

हुआंगबाईंनी फोन काढला, फोटो मोठा केला आणि टेबलाच्या मधोमध ठेवला. सगळ्यांनी बघून बघून गोल केले. मेई म्हणाली, पोलीस पण दोनदा विचारतात. दुसऱ्यांदा बदललं की खोटं.

मला हसू आवरेना. सिंकपाशी जाऊन नळ सोडला.

३० मार्च, रविवार

तेजश्री हवेत आहे. सगळ्यांना घरी बोलावलं, केक आणला. असं जुळलेलं तिने कुठेच पाहिलं नाही म्हणे. आणि एकही बाई घाबरत नाही, एकीलाही लाज वाटत नाही! "सो रिलायबल, वहिनी." तिचा बॉस खूश आहे. ८ मेला हॉलमध्ये कार्यक्रम, हेल्थवाले येणार, ही स्टेजवर बोलणार.

मग नर्स? मी विचारलं.

नर्स नको, पत्रं पुरतात म्हणाली. सेंटरचे पैसे वाचले.

तेव्हा सांगायला हवं होतं काय? सांगितलं असतं तर तिने आतल्या आत फॉर्म फाडला असता आणि कुणाला कळलं नसतं. मला चाळीस माणसांत बोलली. मी पण चाळीस माणसांतच बोलणार.

१५ एप्रिल, मंगळवार

मेईने विचारलं, नर्स कधी? मी म्हटलं, लवकर, लवकर. तिच्या पँटला कंबरेला सेफ्टी पिन लावलीय. एक कोबीचं क्रेट उचलताना बसली खाली. हुआंगबाईंनी गरम पाणी दिलं.

८ मेपर्यंत एवढे तीन आठवडे जाऊ देत.

२ मे, शुक्रवार

तेजश्रीचा फोन. हॉलसाठी शंभर बटाटेवडे कराल का. स्टेजवर ती, किचनमध्ये मी. करते म्हटलं. खुशीत म्हटलं!

निनाद विचारतो, "Aai, why are you smiling?" पोरगा चोवीस वर्षांचा झाला तरी इंग्लिशमध्येच बोलतो. काही नाही रे, म्हटलं, आलं किस.

८ मे, गुरुवार

झालं.

हॉल भरला होता. पुढे गोरे लोक, मागे आमच्या अकरा जणी चांगले कपडे घालून. तेजश्रीने निळी साडी नेसलेली. पडद्यावर रंगीत पट्ट्या दाखवल्या, सगळ्या एकाच उंचीच्या. टाळ्या पडल्या. मग बॉस म्हणाला, एनी क्वेश्चन्स?

मी एप्रनमध्येच पुढे गेले. हात बेसनाचे. जेवढं इंग्लिश येतं तेवढ्यात सांगितलं - एक बाई लिहिते, दहा जणी बघतात. दुसऱ्यांदा फोटो. ऑल सेम, बिकॉज कॉपी. कुणी वाचलंच नाही.

हुआंगबाईंनी न विचारता फोन वर करून फोटो दाखवला. तिला वाटलं, शाबासकीच मिळणार!

एक माणूस हसला. मग बरेच. बॉस कागद चाळायला लागला. तेजश्री माइक धरून उभी, ओठ पांढरे. मी तिच्याजवळ गेले आणि मराठीत, तिला एकटीला कळेल असं म्हटलं,

"घे. आता त्या फॉर्मवर भाजी निवड."

वडे सगळे संपले.

९ मे

हे बोलत नाहीत माझ्याशी. नका बोलू.

१४ मे, बुधवार

शेडवर नर्स आली. चिनी बोलणारी, साधी, चप्पल घालून आलेली. मेईला घेऊन गाडीत बसली पाऊण तास. आजाराचं नाव न काढता सगळं बोलली म्हणे. डबीसाठी वेगळा बर्फाचा डबा दिला, फ्रिजची भानगड नाही.

कुणी पाठवलं विचारलं. तर तेजश्रीने. कार्यक्रम झाला त्याच रात्री तिने बॉसला लिहिलं, माझं काम चुकलंय, नर्स उद्याच द्या.

बरं वाटायला पाहिजे होतं. नाही वाटलं. मला वाटलं होतं, ती आठ दिवस तरी रडत बसेल.

२९ मे

मेईच्या डबीत रक्त निघालं. आता दुर्बीण घालणार.

२४ जून, मंगळवार

मेईला हॉस्पिटलचं पत्र आलं, इंग्लिशमध्ये. तिचा मुलगा लांब कालगुर्लीला खाणीत असतो, त्याला कळवायचं नाही म्हणाली, आणि दुसऱ्या कुठल्या पुरुषाने वाचायचं नाही. मला इंग्लिश वाचता येत नाही. म्हणून तिला घेऊन तेजश्रीच्या दारात गेले. तिने दार उघडलं, मेईला आत घेतलं, पाणी दिलं. पत्र हळू हळू वाचलं. गाठ आहे. बाहेर पसरली आहे. मेईने हात धरला, तो तेजश्रीचा.

निघताना तेजश्रीने मला दारात थांबवलं. "वहिनी, तिला रक्त जातंय हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

मी चपला घातल्या आणि मेईला घेऊन निघाले. घरी येऊन ही वही उघडली.

१२ मार्च.