पांढऱ्यासाठी घेतलेला कॅमेरा

अमरावती,
बुधवार, १४ मे २०२५.
सकाळचे सात वाजून वीस मिनिटे. नळाचं पाणी भरून झालं आहे, दोन्ही बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या आहेत. मी कामाला आहे ते दुकान दहाला उघडायचं आहे.

प्रिय मायाताई,

सुगतचा सप्रेम जय भीम. सासूबाईंच्या पायाचं प्लास्टर निघालं का? त्यांना माझ्याकडून सांग, घाईने उभ्या राहू नका. भाऊजींनाही जय भीम. इकडे सगळं ठीक आहे. ऊन इतकं आहे की कूलरचं पाणी दुपारीच संपतं. ते कोणी भरायचं यावर माझ्या खोलीतला पिंटू रोज माझ्याशी भांडतो आणि शेवटी रोज मीच भरतो.

हे पत्र पिंटूच आणून देईल. त्याला चांदूरला यायचंच आहे. सोबतच्या पाकिटात फोटो आहेत. पत्र वाचून झाल्याशिवाय ते उघडू नकोस. फोन करता आला असता, पण फोनवर तुझ्यामागे सगळं घर बोलत असतं आणि मी हो-नाहीच्या पुढे जात नाही. तुझ्या बचत गटाचे दहा हजार माझ्या कॅमेऱ्यात आहेत. ते कशात गेले हे तुला नीट कळायला पाहिजे. तू त्या दिवशी दुसरंही एक विचारलं होतंस. ते पुढे लिहितो.

आधी कॅमेरा.

तू म्हणाली होतीस, नवा घे, वॉरंटीचा घे. मी खूप विचार केला. आपल्या पैशांत नवा आला असता तो लहान, खिशात मावणारा. तो एका माणसाचा फोटो चांगला काढतो. पण मला एका माणसाचे फोटो कोण सांगणार? मला बोलावतात ते वाढदिवसाला, नामकरणाला, कोणी रिटायर झालं तर निरोपाला. तिथे पंचवीस-तीस माणसं एकदम उभी राहतात, हॉलमध्ये उजेड कमी, आणि लहान पोरं एक क्षण स्थिर नसतात. आतापर्यंत मी फोनवर काढत होतो. फोनवर पोरांचे हात पुसल्यासारखे येतात आणि रांगेच्या कडेच्या मावश्या आहेत त्याहून रुंद दिसतात. एका मावशीने तर पैसे द्यायच्या आधी विचारलं होतं, "मी एवढी हाय का रे?"

म्हणून जुना पण मोठा कॅमेरा घ्यायचं ठरवलं. राजकमल चौकाजवळ कुलदीपभाऊंचं जुन्या-नव्या कॅमेऱ्यांचं दुकान आहे. मी तिथे इतक्यांदा गेलो की त्यांनी चहा विचारणं बंद केलं. त्यांचं म्हणणं होतं, पन्नास एमएमची लेन्स घे, मागचं सगळं धूसर होतं, नवरी सिनेमातल्यासारखी दिसते. मी दुकानातच लावून पाहिली. दिसते खरी सुंदर. पण तिच्यात माणसं मावायची तर आपल्याला मागे सरकावं लागतं, आणि आपल्या हॉलमध्ये मागे एकतर भिंत असते नाहीतर भाजीची कढई. शिवाय ग्रुप फोटोत मागच्या रांगेतली माणसंच धूसर झाली तर ती आपल्याला सोडतील का? मी कॅमेऱ्यासोबत येणारी साधी लेन्सच ठेवली. ती जवळूनही पूर्ण रांग घेते.

मग खरी परीक्षा. मी पिंटूला पांढरा शर्ट घालून दुकानात नेलं आणि पांढऱ्या भिंतीपुढे उभं केलं.

"सुग्या, मले काळा दाखवाले आनलं का बे?" तो म्हणाला.

"हो," मी म्हणालो, "म्हणूनच आणलं."

कुलदीपभाऊ हसले. "अहो, लग्नात लाल शालू राह्यते, पिवळं राह्यते, तुमी पांढऱ्याची एवढी काहून चिंता करता?"

मी त्यांना सांगितलं, आमच्या लग्नात नवरा पांढऱ्यात, नवरी पांढऱ्यात, वऱ्हाड पांढऱ्यात, टेबलावरचं कापड पांढरं. कॅमेऱ्याला एवढं पांढरं दिसलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो आपल्या मनाने सगळं काळं करतो. साडी राखाडी होते आणि चेहरा जातो. तेव्हा ज्या कॅमेऱ्यात उजेड वाढवायचं बटण अंगठ्याखाली आहे, न बघता फिरवता येतं, तोच मला पाहिजे. त्यांनी चार कॅमेरे काढले. तिसऱ्यात ते बटण होतं. पिंटूचा फोटो काढला, त्याचे दात, डोळे, हनुवटीवरची जुनी खूण, सगळं आलं, आणि शर्ट पांढराच राहिला. पिंटू कितीतरी वेळ स्क्रीनकडे बघत होता. म्हणाला, "हा मी व्हय?" कुलदीपभाऊंनी त्या दिवशी चहा मागवला.

हे मी कुठे शिकलो ते तुला माहीतच आहे. तुझा लग्नाचा अल्बम. तुझ्या सासूबाई तो बघून म्हणाल्या होत्या, "वऱ्हाड का रातच्यानं आलं होतं?" सगळे हसले होते, तूही हसलीस, आणि त्यानंतर तो अल्बम कपाटाबाहेर आला नाही. त्यात आई आहे, पण साडीच आहे, आई नाही. मी तेव्हा पंधरा वर्षांचा होतो. मला वाटायचं आपण काळे आहोत म्हणून असं आलं. कॅमेरा चुकतो, हे मला खूप उशिरा कळलं.

आता लग्नाचं.

वामनराव तुला माहीत आहेत, बाबांसोबत गवंडीकाम केलेले, पातूरचे. त्यांच्या ज्योत्स्नाचं लग्न ४ मेला अकोल्यात होतं. वामनरावांनी फोटोचं काम मला दिलं. लग्न लावायला बौद्धाचार्य अर्थात बाबाच. वामनरावांनी त्यांना माझ्याबद्दल सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नाही.

तुला हेही माहीत आहे की बाबा आणि फोटोवाले यांचं कधी जमलं नाही. प्रतिज्ञेच्या वेळी फोटोवाला बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींकडे पाठ करून उभा राहिला की बाबा माइकवर म्हणतात, "भाऊ, बाजूला व्हा. हा विधी आहे, शूटिंग नाही." अकोल्यापासून बाळापूरपर्यंतचे फोटोवाले त्यांना ओळखतात.

आणि मी पॉलिटेक्निक सोडल्यापासून बाबांनी भाषणातलं माझं उदाहरण बंद केलं, तेही तुला माहीत आहे. आधी प्रत्येक लग्नात शेवटी म्हणायचे, "बँडबाजाचे पैसे वाचवा, पोरांची फी भरा, माझा मुलगा अमरावतीला शिकतो आहे." आता फीपर्यंत येतात आणि थांबतात. घरी गेलो तर जेवलास का, एवढंच. अडीच वर्षं झाली.

मी आणि पिंटू सकाळीच हॉलवर पोचलो. बाबा आले, पिशवीतून पांढरं कापड काढून टेबलावर अंथरलं, तसबिरी मांडल्या, मेणबत्त्या लावून ठेवल्या. मग वर बघितलं. मी समोरच होतो, गळ्यात कॅमेरा. त्यांनी कॅमेऱ्याकडे बघितलं, माझ्याकडे नाही.

"फोटोवाले," ते म्हणाले, "विधी चालू असताना समोर येऊ नका."

ताई, बाबांनी मला जन्मात पहिल्यांदा अहो-जाहो केलं. मी "हो" म्हणालो आणि बाजूला झालो.

नवरा-नवरी येऊन बसले. मी एक फोटो ट्रायलचा काढला आणि तो पार बिघडलेला आला. मी फ्लॅश सरळ मारत नाही. सरळ मारला की चेहरे तेलकट होतात आणि तसबिरींच्या काचा चमकतात. तो छताकडे करून मारायचा, म्हणजे उजेड छतावर आपटून मऊ होऊन खाली येतो. हे मी महिनाभर आमच्या खोलीत शिकलो होतो. पण आमच्या खोलीचं छत चुन्याचं आहे. या हॉलच्या छताला डेकोरेशनवाल्याने गुलाबी कापड ताणलं होतं. ते मी आल्याबरोबर बघितलंही होतं, छान दिसतं असं म्हटलंही होतं, आणि ते माझ्या डोक्यात आलंच नाही. सगळ्या पांढऱ्या साड्या गुलाबी. नवरदेव गुलाबी. टेबलावरचं कापड गुलाबी.

पिंटू मागून डोकावला. "सुग्या, हे तं गुलाबी बोंडअळी पडल्यावानी दिसून राह्यलं बे."

मला हसू आलं नाही. भिंती हिरव्या होत्या, तिकडे मारला तर सगळं हिरवं झालं असतं. एवढा जपून, मोजून, पारखून पांढऱ्यासाठी कॅमेरा घेतला, आणि पांढरंच हातातून चाललं होतं. मी फ्लॅश इकडे फिरवतो, तिकडे फिरवतो. बाबांनी माइक हातात घेतला होता. आता वंदना सुरू होणार.

ती सुरू झाली नाही. बाबा माझ्याकडे बघत होते.

"काय झालं?" त्यांनी विचारलं. माइक चालू होता, सगळ्या हॉलने ऐकलं.

मी म्हणालो, "छत गुलाबी आहे. उजेड पांढऱ्यावर आपटायला पाहिजे."

बाबांनी वर बघितलं. मग बसलेल्या वऱ्हाडाकडे. एवढी पांढरी माणसं. मला वाटलं आता तेच वाक्य येणार, शूटिंग नाही वालं. त्यांनी पिशवीत हात घातला आणि दुसरं कापड काढलं. मेण सांडलं तर असावं म्हणून ते एक जास्तीचं ठेवतात, आईच घडी करून देते. म्हणाले, "पिंटू, एक बाजू तू धर. ललित, तू तिकडून." ललित म्हणजे नवरीचा भाऊ. मग मला, "किती उंच धराचं?"

मी हाताने दाखवलं. ते दोघांवर ओरडले, "अजून वर! भिंत बांधून राह्यले का चड्डी वाळू घालून राह्यले?" गवंडी तो गवंडीच. हॉल हसायला लागला. पहिल्या रांगेत मनकर्णाबाई होत्या, आपल्या जुन्या घराशेजारच्या, मला लहानपणीच शेवटचं पाहिलेल्या. त्या काही गप्प बसणाऱ्या नाहीत.

"डोमाजी, आमच्या अंकुरच्या लग्नात तं तुमी फोटोवाल्याले हाकललं होतं! आता काहून थांबले? कोनाचं पोट्टं व्हय हे?"

"माहं व्हय," बाबा म्हणाले.

माइकवर. आणि लगेच वंदना सुरू केली, सगळे उभे राहिले, मलाही हात जोडावे लागले. त्या क्षणाचा फोटो नाही, ताई.

तू विचारलं होतंस ना, बाबा बोलले का म्हणून. हेच.

पुढे पूर्ण विधीत मी एकदाही तसबिरींकडे पाठ केली नाही. पिंटूचे हात दुखले, ललितच्या जागी आळीपाळीने दुसरे आले, पण कापड खाली आलं नाही. शेवटी ग्रुप फोटोला मला आवाज काढता येईना. तुला माहीत आहे, माणसं जमली की माझा घसा बसतो. बाबांनीच सगळ्यांना उभं केलं. उंच मागे, म्हातारी खुर्चीवर, पोरं खाली. "मांगच्यायनो, तोंडं दाखवा, नंतर कोनी म्हनू नका मी आलो नाही म्हनून."

आता पाकीट उघड. पहिला तोच आहे. मी आमच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर मोठा करून एकेक चेहरा तपासला आहे. सगळे आहेत. डावीकडून दुसऱ्या रांगेत आई बघ. तिच्या कपाळावरचं गोंदण दिसतं आहे. साडी पांढरी आहे आणि आईही आहे. मी स्वतःचं कौतुक कधी करत नाही, पण हा फोटो चांगला आहे. वामनराव म्हणाले, भिंतीवर लावतो.

मागच्या रविवारी मी फोटो घेऊन घरी, पातूरला गेलो. आई प्रत्येक फोटोवरून बोट फिरवत होती, मी बोट लावू नको म्हणून सांगत होतो, ती ऐकत नव्हती. बाबांनी एकच उचलला. त्यात ते ज्योत्स्नाच्या हाताला पांढरा दोरा बांधत आहेत. इतकी लग्नं लावली, पण त्यांचा चेहरा धड असलेला हा पहिलाच.

"केवढ्याचा?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याकडून काय घेऊ बाबा?"

"मंग लोकायले काय सांगू मी? पोट्टा धंदा करते का खेळते?"

मी म्हणालो, साठ. त्यांनी दोनदा मोजून दिले आणि म्हणाले, "लिहून ठेव." कॉलेजचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. तो तिथेच आहे. पण निघताना ते बसस्टँडपर्यंत आले आणि कॅमेऱ्याची पिशवी त्यांनी खांद्याला घेतली होती. उन्हात सरळ धरू नये म्हणून मी सांगितलं, तर तिच्यावर रुमाल टाकला.

तुझ्याकडे कधी कार्यक्रम असेल, सासूबाई चालायला लागल्या म्हणून का होईना, मला बोलाव. तुझ्या घरचे सगळे एका फोटोत घेईन, आणि तू मधोमध, उजेडात.

तुझा भाऊ,
सुगत डोमाजी

हिशेब:
कॅमेरा, लेन्ससह, जुना: १८,५०० रुपये. फ्लॅश: ३,४००. जास्तीची बॅटरी: ९००. मेमरी कार्ड: ६५०. एकूण २३,४५०. त्यातले १३,४५० माझे, १०,००० तुझे.
वामनरावांकडून आले: ६,०००. फोटोंची छपाई आणि येणं-जाणं वजा जाता राहिले ३,७५०. त्यातले तीन हजार या पाकिटात आहेत, मोजून घे. पिंटूला त्याचे पाचशे दिले, तो घेत नव्हता.
तुझं देणं बाकी: ७,०००.
बाबांकडून, एका फोटोचे: ६०. रोख मिळाले.